फिशपाँड

काल रात्री भाचीबरोबर 'नेपोलियन डायनामाइट' पाहिला. नवरा पाऊण तासात उठला. "यात घडतंय काय?" म्हणाला आणि आत जाऊन मॅचच्या हायलाइट्स लावून बसला. ठीक आहे, प्रत्येकाची आवड. पण सकाळी चहा घेताना परत सुरू. "त्या येड्यात तुम्हा दोघींना एवढं काय दिसलं?" येडा. तो शब्द डोक्यात गेला, म्हणून लिहायला बसलेय. पोळ्या व्हायच्यात. होतील.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. २००४ चा सिनेमा. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं प्रेस्टन नावाचं छोटं गाव, दिग्दर्शक जॅरेड हेस तिथल्याच हायस्कुलात शिकलेला. कुरळ्या केसांचा, चष्मेवाला, तोंड कायम अर्धवट उघडं असलेला पोरगा. शाळेच्या बसच्या खिडकीतून दोरीला बांधलेलं खेळणं बाहेर सोडतो आणि ते रस्त्यावरून फरफटत येताना बघत बसतो. वहीत सिंह आणि वाघाच्या संकराची चित्रं काढतो. कँटीनमधले बटाट्याचे तळलेले गोळे पँटच्या खिशात भरून ठेवतो, वर्गात गुपचूप खातो, आणि शेजारचा पोरगा मागूनही मिळाले नाहीत म्हणून त्या खिशावर लाथ मारतो. अशा गोष्टी घडतात. घडतंय काय म्हणे!

संथ आहे, मान्य. मेक्सिकन लोकांवरचे एक-दोन विनोद आज खटकतात, तेही मान्य. पुढे.

आमच्या वर्गात एक होता. नाव लिहीत नाही. त्याला एसटीचं अख्खं वेळापत्रक पाठ. मधल्या सुट्टीत वहीची सुरळी करून तोंडाला लावायचा, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, विट्याहून येणारी कराड गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." आवाज हुबेहूब स्टँडवरचा, मधल्या खरखरीसकट. आम्ही त्याला कंट्रोलर म्हणायचो. दहावीच्या निरोप समारंभात फिशपाँड झाले, तेव्हा त्याच्यावर कोणीतरी टाकला, 'गाड्या हजार, फलाट चार, कंट्रोलरला कोण नेणार?' हॉल नुसता लोळत होता. तोही हसला. मग उठून पुढे गेला आणि सरांकडून ती चिठ्ठी मागून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, पुढे तो मोठा माणूस झाला असेल. हेच! याच गोष्टीचा मला राग येतो. 'ज्याला सगळे ढ म्हणायचे तो आज कलेक्टर आहे' हा फॉरवर्ड दर आठवड्याला येतो आणि खाली तुम्ही-आम्ही सगळे हात जोडतो. म्हणजे कलेक्टर झाला नसता तर हसलेलं चाललं असतं? आपल्या सिनेमातही असल्या पोराचा चष्मा काढतात, केस कापतात, मध्यंतरानंतर तो हिरो. नेपोलियनचं असं काहीही होत नाही. शेवटी मित्राला निवडणुकीत मदत म्हणून तो एकटा स्टेजवर येतो, वेड्यासारखा, हो, वेड्यासारखाच नाचतो आणि गाणं संपताच पळून जातो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत असतात. पण पुढेही केस तेच, चष्मा तोच. खांबाला दोरीने बांधलेला चेंडू एकटाच मारत असतो. फक्त आता डेब नावाची मुलगी येऊन समोर उभी राहते आणि खेळते. एवढंच मिळतं त्याला. मला तेवढ्यावर रडू आलं, भाचीने टिश्यू दिला आणि वर "मावशी, ही कॉमेडी आहे" म्हणून ऐकवलंही.

सगळ्यात आवडता प्रसंग दुधाचा. शाळेच्या शेतकी स्पर्धेत पेल्यातलं दूध चाखून दोष सांगायचा असतो. हा एक घोट घेतो आणि सांगतो, गाय कांद्याच्या वाफ्यात शिरली होती. बरोब्बर! बघा, त्या पोराला काहीतरी येतं. कोणी विचारत नाही एवढंच. कंट्रोलरला विटा-कराड मार्गावरचे सगळे थांबे ओळीने यायचे, आणि आम्ही त्याला कबड्डीत शेवटी घ्यायचो.

सिनेमा चार लाख डॉलरमध्ये झाला, हिरोला सुरुवातीला हजार डॉलर मिळाले आणि कमाई झाली चार कोटींच्या वर. २००५ मध्ये आयडाहोच्या विधिमंडळाने या सिनेमाचं कौतुक करणारा ठराव केला. (आपल्याकडे गावाची बदनामी म्हणून निवेदन गेलं असतं तहसीलदाराला.) आणि नवऱ्यासाठी खास माहिती. नेटफ्लिक्सने, कोणाला कुठला सिनेमा आवडेल याचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. त्यात भल्याभल्यांना सगळ्यात जास्त छळलं ते याच सिनेमाने. लोक एकतर डोक्यावर घेतात, नाहीतर उठून हायलाइट्स लावतात.

खरं तर नवऱ्याचा राग एवढा नाहीच. सकाळी चहाच्याही आधी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने १९९४ च्या निरोप समारंभाचा फोटो टाकला. कोपऱ्यात तो, इस्त्री केलेला शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. लगेच सुरू. 'अरे कंट्रोलर!' 'कुठल्या फलाटावर आहे सध्या?' रडेपर्यंत हसणाऱ्या तोंडांची रांग. सत्तेचाळीस वर्षांची माणसं, कोणाची मुलं इंजिनीअरिंगला. सिनेमात एक रिको काका आहे, व्हॅनमध्ये राहतो, दारोदार प्लास्टिकचे डबे विकतो आणि १९८२ सालच्या फुटबॉलमधून बाहेरच येत नाही. मागे जायला चक्क ऑनलाइन टाइम मशीन मागवतो. भाची त्याला हसत होती. मला आमचा ग्रुप दिसत होता.

मी ग्रुपवर खडसावून लिहिलं होतं. मोठं. मग पुसलं.

कारण एकाने लिहिलं, 'तो फिशपाँड आठवतो का? कोणी लिहिला होता रे?'

मी लिहिला होता. वर 'कोणीतरी' म्हटलंय ते खोटं आहे. मराठीच्या वहीचं मागचं पान फाडून, डाव्या हाताने, अक्षर ओळखू नये म्हणून. यमक जुळलं म्हणून इतकी खूश होते की मैत्रिणीला आधीच दाखवला होता. आणि तो चिठ्ठी घेऊन जागेवर परत येताना माझ्या बाकाजवळून गेला, तेव्हा ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवत होता. फाडली नाही. का ठेवली असेल? त्याच्यावर कोणी काही लिहिलं होतं म्हणून? तेव्हा हा प्रश्न मला पडलाच नाही. काल तो खिसा तुडवला जाताना पडला.

मला 'तू लहान होतीस गं' कमेंट नकोत. सोळा वर्षांची होते, कळत होतं.

नवरा मघाशी येऊन म्हणाला, तेवढा नाच दाखव बघू. दाखवला. "बरा नाचतो," म्हणाला. पोळ्यांची कणीक त्यानेच मळलीय.

आपल्या बॅचपैकी कोणाकडे त्याचा नंबर असेल तर मला इनबॉक्स करा. ग्रुपवर टाकू नका.