नायिकेला काम येतं? लगेच इलाज करा!

टीव्हीच्या ऑफिसात घडणारी रोमँटिक कॉमेडी लिहायला बसलाय? उत्तम. आधी एक हुशार प्रोड्यूसर घ्या. बाईच हवी, हे वेगळं सांगायला नको. रनडाऊन, म्हणजे बातमीपत्राचा क्रम, तिला तोंडपाठ, पाहुणा आयत्या वेळी गळाला तर दुसरा हजर, अँकर अडखळायच्या आत पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर. एवढं सगळं तिला येतं हे पहिल्या दहा मिनिटांत ठसवा, कारण उरलेला दीड तास या दुखण्यावर उपचार करायचेत. ‘तुला कामापलीकडे आयुष्यच नाही’ हे वाक्य तिच्या आईला, मैत्रिणीला आणि तिने ज्याचं बुलेटिन आत्ताच सावरलं त्या अँकरलाही वाटून द्या.

नायकाला फारसं काही यायची गरज नाही. आवाज भारदस्त असला की भागतं. उशिरा येऊ दे, मीटिंगमध्ये पाय टेबलावर टाकू दे. तिने केलं असतं तर बेजबाबदारपणा, त्याने केलं की दिलखुलासपणा.

आता कानातलं यंत्र. याच्याइतकी रोमँटिक वस्तू अख्ख्या स्टुडिओत नाही. पीसीआरमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या नियंत्रण कक्षात, बसलेली प्रोड्यूसर टॉकबॅकवर (अँकरच्या कानाशी जोडलेल्या माइकवर) पुटपुटते, अँकरच्या कानात ते पडतं आणि पुढच्याच क्षणी तो ते स्वतःला सुचल्यासारखं देशाला ऐकवतो. १९८७ च्या ‘ब्रॉडकास्ट न्यूज’ या सिनेमात प्रोड्यूसर झालेली हॉली हंटर अशीच अँकर झालेल्या विल्यम हर्टच्या कानात बोलते. लाइव्ह विशेष बातमीपत्र संपल्यावर तो हरखून तिच्याकडे धावत येतो. दोघांमधला सगळ्यात प्रेमळ प्रसंग कोणता, तर हा. काम करतानाचा! इतकी मोठी चूक तुम्ही करू नका. त्यापेक्षा २००९ च्या ‘द अग्ली ट्रुथ’चा कित्ता गिरवा. तिथेही नायिका सकाळच्या कार्यक्रमाची प्रोड्यूसर, तिथेही कानात यंत्र. पण आता कान तिचा आणि आवाज त्याचा: डेटवर तिने काय बोलावं, हे तिच्याच शोमधला पुरुष तिला कानात सांगतो. बावीस वर्षांत तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं बघा.

जुन्या सिनेमाकडून आणखी एक खोड उचलू नका. त्यातला अँकर एका अत्याचारित स्त्रीची मुलाखत घेतो, मध्येच त्याचे डोळे पाणावतात, प्रेक्षक हेलावतात. पुढे नायिकेच्या लक्षात येतं की मुलाखतीला कॅमेरा एकच होता. म्हणजे रडण्याचा तो शॉट नंतर वेगळा घेऊन मध्ये चिकटवलाय. आणि ही बाई काय करते? त्याच्याबरोबर ठरलेली सहल मोडते! एका खोट्या अश्रूसाठी इतका देखणा माणूस सोडायचा? शेवटी हा अँकर आणि तिच्यावर जीव असलेला वार्ताहर मित्र, दोघांपैकी एकही तिच्या वाट्याला येत नाही. याला का कॉमेडी म्हणायचं? (मला विचाराल तर या जातीतला हाच एक सिनेमा पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. पण मला विचारू नका, माझं कोण ऐकतं.)

प्रेमाची कबुली मात्र लाइव्हच हवी. ‘द अग्ली ट्रुथ’मध्ये ती गरम हवेच्या फुग्यात होते आणि कॅमेरा तिथेही चालूच असतो. तुम्हाला फुगा परवडत नसेल तर कपड्याला अडकवलेला लेपल माइक बंद करायला विसरा. दोघांचं खासगी भांडण पीसीआरमध्ये घुमू द्या. ऑडिओवाल्याने आवाज बंद करायला फेडरची दांडी खाली ओढायला हात पुढे केला, तर शेजारच्या कुणीतरी तो पकडलाच पाहिजे. एरवी एवढ्यावर दोघांना नोटीस मिळाली असती. इथे टाळ्या आणि टीआरपी.

चुंबन लांबलं आणि ब्रेक चुकला, तरी घाबरू नका. गळालेल्या जाहिराती कुठे घुसवायच्या आणि जाहिरातदारांना काय सांगायचं, ते सकाळी लवकर येऊन नायिका बघेल.