न्याहारीची तोंडी आणि प्रात्यक्षिक

अमेरिकन आणि ब्रिटिश, दोघांच्याही भरपेट न्याहारीत अंडी, पाव आणि डुकराचं मांस असतं. तरी एकाची ताटली दुसऱ्यापुढे सरकवली की त्याचं नाक मुरडतं. माझ्या मते खरा फरक त्रासाच्या जागेत आहे. अमेरिकन न्याहारीत तोंडी परीक्षा द्यावी लागते, ब्रिटिश न्याहारीत प्रात्यक्षिक. नापास व्हायची सोय दोन्हीकडे उत्तम.

आधी तोंडी. अमेरिकेतल्या डायनरमध्ये, म्हणजे साध्या खानावळीत, ‘अंडी द्या’ म्हणून भागत नाही. कशी? ‘सनी साइड अप’ म्हणजे न उलटलेली. ‘ओव्हर ईझी’ म्हणजे उलटून जेमतेम अर्धा मिनिट, बलक वाहता. ‘ओव्हर मीडियम’मध्ये तो दाटसर होतो, ‘ओव्हर हार्ड’मध्ये त्याचा खडू. पाव कुठला? व्हाइट, व्हीट, राय की सावरडो? बटाटा किसून तव्यावर दाबलेला, म्हणजे हॅश ब्राउन, की फोडी करून परतलेला, म्हणजे होम फ्राइज? सॉसेज लांब की चपटं? ‘काहीही चालेल’ हे आपलं पाहुणचाराचं उत्तर तिथे चालत नाही; प्रश्न पुन्हा येतो, जरा वरच्या पट्टीत. म्हणून ‘टू एग्ज ओव्हर मीडियम, व्हीट टोस्ट, हॅश ब्राउन्स, बेकन’ हे आधी पाठ करावं आणि एका दमात म्हणून टाकावं. कॉफीचं कोणी विचारत नाही, ती पेल्यात पडतच राहते.

पुढे ताटली येते आणि ब्रिटिश माणूस हबकतो, कारण पॅनकेकवरचा मेपल सिरप ओघळत बेकनखाली गेलेला असतो. अमेरिकन माणसाला हे खारट-गोड मीलन मुद्दाम हवं असतं. (अस्सल सिरपच्या एका लिटरसाठी मेपलच्या झाडाचा सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो, टेबलावरच्या बरणीत मात्र बहुधा मक्याचा पाक असतो.) तिथलं बेकन पोटाकडच्या चरबीदार भागाचं. ते थंड तव्यावर ठेवून मग मंद आच लावायची, म्हणजे चरबी सुटते आणि पट्ट्या कुरकुरीत होतात. तापल्या तव्यावर टाकलं तर कडा जळतात, मध्ये रबर. पॅनकेकचं पीठ मात्र गुठळ्या ठेवूनच ढवळायचं. आंबोळीचं पीठ घोटणारा हात इथे आवरावा लागतो, कारण जास्त घोटलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि पॅनकेक चिवट होतो. वरचे बुडबुडे फुटून भोकं तशीच राहिली की उलटायचा, एकदाच. उलटल्यावर उलथन्याने दाबणाऱ्याला क्षमा नाही.

आता प्रात्यक्षिक. ‘फुल इंग्लिश’मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या भरपेट न्याहारीत, एकही पदार्थ अवघड नाही. अवघड एवढंच की आठ पदार्थ एकाच वेळी गरम हवेत आणि शेगडीला तोंडं चार. ओव्हन ८० अंशांवर, आत ताटल्या. थंड ताटलीवर अंडं दोन मिनिटांत निवतं. पहिला मान सॉसेजचा, मंद आचेवर वीस मिनिटं. इंग्लंडात ‘पोर्क सॉसेज’ म्हणवून घ्यायला कायद्याने ४२ टक्के डुकराचं मांस पुरतं. बाकी बराचसा पावचुरा आणि पाणी, म्हणून आच वाढवली की साल फुटते. काट्याने टोचू नये. रस वाहून जातो आणि उरतो तो लाकडाचा भुसा. मग बेकन. हे पाठीकडचं, मांसल, कुरकुरीत न करता मऊच खायचं. स्वस्त बेकनमध्ये पाणी टोचलेलं असतं. तव्यात पांढरा फेस आला की तो ओतून टाकावा, नाहीतर बेकन तळत नाही, उकडतं. मशरूम वेगळ्या तव्यात, गर्दी न करता, मीठ शेवटी. टोमॅटो अर्धे चिरून, कापलेली बाजू खाली. ब्लॅक पुडिंग, म्हणजे रक्त, चरबी आणि ओट किंवा बार्ली भरलेलं सॉसेज, बोटभर जाड कापून दोन्हीकडून तीन-तीन मिनिटं. रेंगाळलात की भुगा. उरलेल्या चरबीत पाव तळायचा. अंडी सगळ्यात शेवटी, आणि नेमकं तेव्हाच टोमॅटोच्या रसातले डबाबंद बीन्स बुडाला लागल्याचा वास येतो.

बीन्सवर तर अमेरिकन माणूस थक्कच होतो. त्याच्या लेखी बीन्स म्हणजे बार्बेक्यूच्या बाजूला येणारी, काकवी घातलेली गोष्ट. सकाळी सकाळी अंड्याशेजारी काय? गंमत अशी की हा इंग्रजांचा लाडका डबा मूळचा अमेरिकेचाच. पिट्सबर्गच्या हाइन्झ कंपनीने लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या दुकानात तो विकायला ठेवला, आणि त्यातला घेवडा आजही मुख्यतः उत्तर अमेरिकेतूनच येतो. शिवाय त्या टोमॅटोच्या रसात साखर असते! सिरपला हसणारा इंग्रज ती रोज बेकनला लावून खातो आणि गोड म्हटलं की मार्मालेडकडे, म्हणजे संत्र्याच्या मुरंब्याकडे, बोट दाखवतो. अलीकडे हॅश ब्राउनही त्याच्या ताटलीत शिरलाय, आणि त्यावरून तिथे जुन्या मंडळींचं नाक लाल होतं. माझं मत हॅश ब्राउनला. तळलेल्या पावापेक्षा तो कधीही बरा.

आपल्याकडून गेलेल्या शाकाहाऱ्याने दोन्ही देशांत एक गोष्ट आधी विचारावी: तवा कोणता? डायनरच्या मोठ्या लोखंडी तव्यावर हॅश ब्राउन आणि बेकन शेजारी नांदतात, आणि इंग्लंडातला तळलेला पाव कशात तळलाय ते वर आलंच आहे. तवा संशयास्पद वाटला तर इंग्लंडात टोस्टवर बीन्स मागवावेत. साध्या डब्यातल्या बीन्समध्ये मांस नसतं, आणि तोंडीही जवळजवळ माफ. विचारलंच तर एवढंच, की वर चीज किसून घालू का.