'धंदा' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

सबस्क्रिप्शनची खाती आणि त्यात सेव्ह केलेलं कार्ड यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "काका, कार्डाचा नंबर आता ॲपकडे राहतच नाही, टोकन असतं. अभ्यास न करता लोकांना घाबरवायचा धंदा बंद करा. पासवर्ड मॅनेजरवर तर एक ओळ नाही."

टोकनचं, म्हणजे कार्डाच्या नंबराऐवजी ॲपकडे राहणाऱ्या बदली कोडचं, तुमचं बरोबर. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ॲपला कार्डाचा पूर्ण नंबर ठेवता येत नाही. लेखातलं ते वाक्य मी दुरुस्त केलंय.

पण धंदा? या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा. एकवीस वर्षं मी सांगलीत गावभागातल्या एका पतसंस्थेच्या काउंटरवर काढली. २०१९ चा पूर ओसरल्यावर लोक चिखलाने थबथबलेली पासबुकं घेऊन यायचे. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. एकेक पान सुटं करून आम्ही पंख्याखाली वाळवलं आणि लेजरशी ताडून नवीन पासबुकं लिहून दिली. "तुमचे पैसे आहेत, घाबरू नका" हे वाक्य त्या महिन्यात किती वेळा बोललो असेन! घाबरवायचंच असतं तर तेव्हा फार सोपं होतं. 'धंदा' हा शब्द लिहिताना समोर कोण आहे याचा जरा तरी विचार करायचा होतात. काका म्हणा, वयाने आहेच. पण काकांशी कुणी असं बोलतं का?

आणि टोकन म्हटलं की विषय संपला, असं तुम्हाला वाटतं तिथेच गडबड आहे. टोकन त्या कार्डाला आणि त्या ॲपला बांधलेलं असतं. चोर त्याच ॲपच्या खात्यात शिरला तर त्याला नंबर लागतोच कशाला? माझ्या वहिनींचं उदाहरण घ्या. सिरियल बघायच्या ॲपला आणि ईमेलला एकच पासवर्ड, नातवाचं नाव आणि जन्मसाल. कुणीतरी आत शिरलं आणि १४९ चा प्लॅन ६४९ चा केला. ऑटोपे, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, देताना कमाल रक्कम मोठी टाकलेली, त्यामुळे ओटीपी आलाच नाही. १५,००० पर्यंतच्या हप्त्याला तो दर वेळी लागत नाही. पैसे कापायच्या २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, तसा आला होता. चाळीस न वाचलेल्या मेसेजच्या खाली पडून होता. तीन महिने पैसे गेले. वहिनींनी मोबाईल माझ्या हातात दिला तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. हे बघून मी तो लेख लिहिला.

म्हणून लिहिलं होतं की ईमेलचा पासवर्ड वेगळा ठेवा, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू मँडेट (पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानग्या) बघा, नको ते रद्द करा. यातलं काय चुकलं, ते तुम्ही सांगितलेलं नाही.

पासवर्ड मॅनेजरचं, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपचं, पुढे कधीतरी बघू.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 'धंदा' हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा, एवढी अपेक्षा आहे.