किट कार सेकंडहँड घेताय? पावत्यांची फाईल आधी बाजूला ठेवा

जुनी किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन कुणीतरी घरी जोडलेली गाडी, बघायला गेलं की विकणारा पहिली काय काढतो, तर पावत्यांची जाडजूड फाईल. किट एवढ्याचं, इंजिन एवढ्याचं, टायर एवढ्याचे, आणि वर "माझी मेहनत तर मी धरलेलीच नाही" हे ठरलेलं वाक्य. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे, सुट्ट्या घालवून घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडून तयार करणं खायचं काम नाही. पण म्हणून पावत्यांची बेरीज म्हणजे गाडीची किंमत हे मला अजिबात पटत नाही. कंपनीच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर सांगितले की रेट कळतो, इथे मात्र एकाच किटच्या दोन गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो कारण जोडणारे हात वेगळे. पैसे त्या हातांचे द्यायचे.

नावाला किंमत आहे हे खरं. लोटस सेव्हन ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९५७ ला आली, तेव्हा ब्रिटनमध्ये सुटे भाग घेऊन घरी जोडली की पर्चेस टॅक्स (खरेदीवरचा कर) वाचायचा म्हणून लोक ती किटमध्ये घ्यायचे, पुढे १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले आणि तो साचा आजही चालू आहे, त्यामुळे पार्ट मिळतात आणि गाडी भाव धरून राहते. याउलट किट बनवणारी कंपनीच बंद पडली असेल तर एक काच फुटली तरी शोधत बसा, ते भावातून वजा झालंच पाहिजे. आणि कोब्रा या जुन्या, नावाजलेल्या स्पोर्ट्स कारची रेप्लिका (नक्कल) असेल तर ओरिजिनल कोब्राचे लिलावातले आकडे कोणी ऐकवू नयेत, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही.

आता गाडीखाली जा, टॉर्च घेऊन. चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) पाइपांवर पावडर कोटिंग असतं, त्याला बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि वरून रंग चकचकीत असला तरी खाली गंज पसरत जातो. नखाने दाबून बघा, फुगलेलं असेल तर तिथला पापुद्राच निघून येतो. वेल्डिंग, सस्पेन्शनचे ब्रॅकेट, ब्रेकचा पाइप कुठे घासतोय का, हे सगळं बघा. फायबरच्या बॉडीवर बिजागरीपाशी चांदणीसारखे तडे असतील तर तिथे ताण येतोय असं समजा.

पण माझ्या मते खरी परीक्षा डॅशबोर्डखाली. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून लोखंडी बॉडीसारखं कुठेही स्क्रू मारून अर्थिंग मिळत नाही, प्रत्येक दिव्याला परतीची वायर वेगळी ओढावी लागते. ज्याने ती नीट ओढलीय, क्रिम्प केलीय (टोकाला धातूची टोपी दाबून बसवलीय), प्रत्येक वायरला लेबल लावलंय त्याने बाकीची गाडीही तशीच जोडलेली असते. आणि जिथे वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलीय, इंडिकेटर दिला की हेडलाइट मंद होतो, तिथे अख्खं वायरिंग नवीन करायचा खर्च धरूनच बोलायला बसा.

कागदपत्रांवर तर तडजोडच नको. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतात का, आणि गाडीची नोंद किट म्हणून झालीय की ज्या जुन्या गाडीचे पार्ट घातलेत तिच्याच नावावर चालवली जातेय, हे आधी. ब्रिटनमध्ये गाडीचं वय किंवा मूळ सिद्ध झालं नाही की क्यू नंबर (Q अक्षराने सुरू होणारा नोंदणी नंबर) मिळतो आणि विकताना भाव पडतो. नोंदच नसलेली गाडी मी तरी पार्टच्याच भावात धरेन.

हिशोब माझा साधा आहे. तेच किट, नीट जोडलेलं आणि कागद पूर्ण असलेलं, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते शोधायचं (जाहिरातीतला आकडा नव्हे, तो फक्त मागणी असतो), त्यातून दिसलेली कामं मजुरीसकट वजा करायची आणि न दिसणाऱ्या कामांसाठी अजून थोडे सोडायचे. "नव्वद टक्के झालंय" म्हणून विकायला काढलेली अर्धवट गाडी तर फारच कमी भावात घ्या, कारण उरलेल्या दहा टक्क्यांतच वायरिंग, बॉडीच्या भागांमधले गॅप सारखे करणं, तपासणी असली सगळी वेळखाऊ कामं असतात.

आणि विकणाऱ्याकडे जोडणी चालू असतानाचे फोटो मागा, उघड्या चासीपासूनचे. ज्याच्याकडे ते आहेत, जो प्रत्येक बोल्टबद्दल न कंटाळता सांगतो आणि काय अजून बाकी आहे ते स्वतःहून दाखवतो, त्याच्याशी मी घासाघीस करत नाही, थोडे जास्तच देतो.