पाणी पिण्यायोग्य आहे, पण कुणाच्या?

"ओढ्याच्या पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आलाय" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, बाटली कधी भरली? शेतातला युरिया आणि फवारलेलं औषध ओढ्यात रोज थोडंथोडं उतरत नाही. फवारणीनंतरच्या पहिल्या जोराच्या पावसात ते एकदम येतं आणि पुढं वाहून जातं. बऱ्याच बेडकांचे अंडी घालायचे दिवसही तेच. पंधरा दिवसांनी बाटली भरली तर काय सापडणार, कपाळ?

बरं, मर्यादा तरी कुणासाठी ठरवलेली? युरियाचं मातीत शेवटी नायट्रेट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा, लिटरला ५० मिलिग्रॅम, बाटलीनं दूध पिणारी तान्ही बाळं डोळ्यांसमोर ठेवून ठरली. बेडूक तोंडानं पाणी पीतच नाही, कातडीतून शोषतो. त्याच्या अंड्याला कवचही नसतं, नुसता बुळबुळीत थर. ॲट्राझिन या तणनाशकाला अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ३ पीपीबीपर्यंत (म्हणजे अब्जात तीन भाग) मुभा आहे. टायरोन हेज या अमेरिकन जीवशास्त्रज्ञांना २००२ मध्ये ०.१ पीपीबीलाच नर बेडकांच्या जननग्रंथींत बिघाड दिसला होता. त्यावर रान उठलं, निष्कर्षांवर वाद झाले. पण निदान प्रश्न बेडकाच्या बाजूनं विचारला गेला.

विषाचं तरी लोकांना पटतं. खताचं पटत नाही, "खत काय मारतंय?" म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळेच्या सहलीतल्या मुलांना एका तळ्याकाठी वेडेवाकडे पाय असलेले बेडूक सापडले. तशा व्यंगांमागचं एक कारण पुढं कळलं ते रिबेरोइया नावाचा चपटा कृमी. खत पाण्यात आलं की शेवाळ माजतं, शेवाळावर गोगलगायी वाढतात, गोगलगायींत हा कृमी वाढतो आणि मग बेडूकमाशाला जिथं पाय फुटणार तिथंच घुसतो. कुणाला जादा पाय, कुणाला एकही नाही. लंगडा बेडूक पक्ष्याच्या तोंडी सहज लागतो, आणि कृमीला जायचं असतं पक्ष्याच्याच पोटात! खतानं बेडकाला हातही लावला नाही.

परवा ओढ्याकाठच्या डबक्यात वाकून पाहिलं. निरोगी बेडूकमासे नुसती सावली पडली तरी सुळकन पळतात. इथले मात्र बोट लावलं तरी जागचे हलेनात. कशानं, ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. वर पाहिलं, तर नांगराचं शेवटचं तास थेट काठाला भिडलेलं, मध्ये गवताची काडी नाही. दोन तासं कमी घातली असती, तर शेतातून वाहून येणारं पाणी गवतात थोडं तरी अडलं असतं.