रेडीमेड असेट्स वापरले, मग यात तुझं काय?

डॅझ स्टुडिओ किंवा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांनी बनवलेले तयार असेट्स (माणसं, खुर्च्या, खडक अशी मॉडेल्स) वापरून केलेला रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने तयार केलेलं अंतिम चित्र, दाखवला की कुणीतरी विचारतंच, मॉडेल तू बनवलंस का? नाही म्हटलं की विषय संपला, सगळं विकतचं, यात तुझं काय. आता फोटोग्राफरने डोंगर बनवलेला नसतो हे सगळ्यांना चालतं. पिकासोने 1912 मध्ये कॅनव्हासवर मेणकापडाचा तुकडा चिकटवला, त्यावर वेताच्या खुर्चीची वीण छापलेली होती आणि ती त्याने काढलेली नव्हती, कापड कारखान्यातलं होतं. कुठला तुकडा, कुठे, कशाशेजारी, एवढंच त्याचं. कोलाजला हे माफ, मग थ्रीडीवाल्यानेच प्रत्येक वीट स्वतः का भाजायची?

आणि मोठ्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत तरी काय वेगळं असतं, मॉडेलिंगवाले वेगळे, रिगिंगवाले (मॉडेल हलवता यावं म्हणून आत सांगाडा बसवणारे) वेगळे, लाइटिंगवाल्याने एकही मॉडेल बनवलेलं नसतं तरी त्याला आर्टिस्टच म्हणतात ना.

पण म्हणून असे सगळेच रेंडर भारी असतात असं अजिबात नाही, खरं सांगायचं तर बहुतेक कंटाळवाणेच असतात (असेट विकणाऱ्याच्या जाहिरातीतला फोटोच परत बघतोय असं वाटतं). कॅरेक्टर विकत घेतलं त्याचं काही नाही, पण पोझही प्रीसेट (एका क्लिकवर लागणारी तयार सेटिंग), लाइटही प्रीसेट, चेहऱ्यावरचे भावही स्लायडर एका टोकाला ओढून आलेले, म्हणजे ठरवण्यासारखं जे काही होतं तेही आयतंच घेतलं.

साधं उदाहरण घ्या, जेनेसिस 8 ची, म्हणजे डॅझच्या तयार मानवी मॉडेलची, बाई खुर्चीत बसवलीये. प्रीसेट लावला की हात मांडीवर येतो, पण बोटं कापडाच्या किंचित वर तरंगत असतात, मांडी खुर्चीच्या गादीत घुसलेली असते पण गादी दबलेली नसते, आणि डोळे कुठेच बघत नसतात. नीट कारण सांगता येत नाही पण बघणाऱ्याला ती बाई बसलीये असं वाटतच नाही. आता तीच बाई, तीच खुर्ची, एक पैसा जास्त खर्च न करता एचडीआरआयचा डोम (सीनभोवतीचा 360 अंशांचा फोटो, ज्यातून प्रकाश येतो) फिरवा म्हणजे अर्धा चेहरा सावलीत जाईल, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली आणा, कॅमेरा मागे घेऊन फोकल लेंथ 24 मिमीवरून 85 वर न्या म्हणजे जवळून घेतल्यावर फुगणारं नाक जागेवर येईल, नजर दाराकडे वळवा, आणि बोटं एकेक करून कापडावर टेकवा. यात अख्खी संध्याकाळ जाते. पण आता ती कुणाची तरी वाट बघतेय, आणि हे कुठल्याही पॅकमध्ये विकत मिळत नाही.

खटकतं ते वेगळंच. विकतच्या मॉडेलचं कौतुक होत असताना गप्प बसायचं, लोक म्हणतायत काय डिटेलिंग केलंय आणि आपण थँक्यू थँक्यू करत सुटायचं, हे नाही पटत. पॉली हेवन या फुकट असेट्सच्या साइटवरचे असेट्स सीसी-झिरो असतात, म्हणजे कुणीही कसेही वापरावेत, क्रेडिट द्यायची सक्ती नाही, तरी एक ओळ लिहायला काय जातं? मॉडेलिंगच्या स्पर्धेत असे रेंडर पाठवूच नयेत, आणि मॉडेल माझं आहे म्हणणाऱ्याने मागितली तर वायरफ्रेम (मॉडेलची रेषांची जाळी) दाखवावी. पण मार्क लाइटिंगचे आणि फ्रेमिंगचे असतील, तर खडक कुणाच्या कॅटलॉगमधला आहे हे विचारायचं मला तरी काही कारण दिसत नाही.