पुढचे लोक फार हळू खेळतात

गोल्फची एक फेरी साडेपाच तास का चालते, हे कुठल्याही क्लबात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: पुढचे लोक फार हळू खेळतात. पुढच्यांना विचारलं तर ते त्यांच्या पुढच्यांकडे बोट दाखवतील. असं बोटामागून बोट धरत तुम्ही सकाळच्या अगदी पहिल्या चौकडीपर्यंत पोचलात, तर ते म्हणतील, गवतावर दव फार होतं.

म्हणून हा लेख. खेळाला गती यावी असं ज्यांना मनापासून वाटतं, आणि ती दुसऱ्यांनी आणावी असं त्याहूनही मनापासून वाटतं, अशा सर्वांसाठी. माझा अधिकार विचाराल तर बावीस वर्षं खेळतोय, हँडिकॅप चोवीस (म्हणजे चांगल्या खेळाडूपेक्षा फेरीला साधारण तेवढे फटके जास्त), आणि एवढ्या काळात माझ्यामुळे कुणी खोळंबल्याचं मला एकदाही दिसलेलं नाही. मागे वळून बघायची मला सवय नाही.

सुरुवात टी-टाइमपासून करू, म्हणजे टीवरून, होल जिथून सुरू होतो त्या जागेवरून, पहिला फटका मारायच्या ठरलेल्या वेळेपासून. ६.४०चा टी-टाइम असेल तर ६.४०ला पार्किंगमध्ये हजर राहायचं. डिकी उघडायची, चपला काढून बूट चढवायचे, मग आठवायचं की टोपी पुढच्या सीटवर राहिली. पहिल्या टीवर चौघं जमल्यावर पैजेचा विषय काढायचा. पैज आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर ठरवता येते, पण मग सकाळी बोलणार काय? आमच्यात कर्नलसाहेब, डॉक्टर, शेठ आणि मी. पहिल्या नऊ होलची वेगळी, नंतरच्या नऊची वेगळी, अठराची वेगळी, वर बर्डीचे, म्हणजे होलला ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी लागला की, शंभर. कुणी कुणाला किती शॉट द्यायचे, यावर आमची चर्चा भाऊबंदकीतल्या जमिनीच्या वाटणीइतकी सखोल चालते. "डॉक्टर, तुम्ही सतराचा हँडिकॅप सांगता, पण गेल्या रविवारी चौदाचं खेळलात," असं कर्नलसाहेब म्हणतात. "गेल्या रविवारी वारा नव्हता," डॉक्टर म्हणतात. मागची चौकडी एव्हाना येऊन हवेत क्लब फिरवत उभी असते. त्यांना हात करायचा. हसायचंही. संबंध चांगले ठेवावेत.

मग पहिला फटका कुणाचा? २०१९ साली गोल्फचे नियम नव्याने लिहिले गेले, त्यात जो तयार असेल त्याने खुशाल आधी मारावं, यालाच उत्तेजन दिलंय. मला हे पटत नाही. पंगतीत यजमानांनी आग्रह करेपर्यंत वरणभाताला हात न लावणारे आपण, ज्याचा चेंडू होलपासून लांब त्याचा मान आधी, ही रीत का मोडायची? दोन चेंडू साधारण सारख्या अंतरावर असतील तर पावलं टाकून मोजावं. तेवढाच व्यायाम.

त्याच नियमांत आणखी एक आगाऊ शिफारस आहे. तुमची पाळी आली आणि मध्ये काही अडचण नसली, की ४० सेकंदांत फटका मारावा, जमल्यास त्याच्याही आत. आता हिशेब करू. चौघं जण, प्रत्येकी ९० फटके, म्हणजे ३६०. गुणिले ४० सेकंद. बरोबर चार तास! यात चालणं आलं नाही, चेंडू हुडकणं आलं नाही, चहा तर नाहीच. काही नतद्रष्ट म्हणतात, दुसऱ्याची पाळी चालू असताना आपलं अंतर बघून घ्या, क्लब काढून ठेवा, ग्लोव्ह घालून ठेवा, मग निम्मी सेकंदंसुद्धा लागत नाहीत. असेल. पण सगळे आपापली तयारी करत बसले तर माझा शॉट बघणार कोण?

उलट याच हिशेबात एक संधी दडलेली आहे. दर फटक्याला फक्त पंधरा सेकंद जास्त घ्या, एकूण दीड तास वाढतो. पंधरा सेकंद म्हणजे काय हो, ग्लोव्हचा पट्टा फर्रकन काढून पुन्हा चिकटवला की झाली.

डॉक्टरांचं पाहण्यासारखं आहे. ते आधी चेंडूच्या मागे उभे राहून एक डोळा मिटतात. मग चिमूटभर गवत उपटून हवेत सोडतात. ते सरळ खाली पडतं. पुन्हा उपटतात. मग बॅग उचलणाऱ्या कॅडीला, "किती?" कॅडी म्हणतो, "दीडशे, साहेब." त्यावर ते खिशातून रेंजफाइंडर काढून स्वतः बघतात. १४९ येतात. मग सात नंबर की आठ? सात काढून दोनदा सराव, आठ काढून दोनदा सराव, शेवटी सातच. आता पवित्रा. क्लब डावीउजवीकडे हलतो, थांबतो, हलतो. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना आपण मुठीत अक्षता घेऊन उभे असतो, 'सावधान' ऐकून हात उचलतो आणि नेमक्या त्याच क्षणी नवरीची आत्या स्वतः रचलेलं अष्टक सुरू करते ना, अगदी तसं. तीनदा आपण श्वास रोखतो आणि तीनदा सोडतो. मग फटका बसतो. चेंडू जमिनीला धरून चाळीस यार्ड जातो. डॉक्टर म्हणतात, "घाई झाली."

यात त्यांचा दोष नाही. थोरांची परंपराच तशी आहे. २०१८ साली सॅन डिएगोजवळ टोरी पाइन्सला जे. बी. होम्स हा व्यावसायिक खेळाडू शेवटच्या होलच्या दुसऱ्या फटक्यासाठी चार मिनिटांहून जास्त वेळ विचार करत उभा राहिला आणि अखेर ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, न मारता अलीकडेच चेंडू ठेवला. पुढच्याच वर्षी ब्रायसन डीशाम्बोने आठेक फुटांच्या पटला, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये ढकलायच्या फटक्याला, दोन मिनिटांवर वेळ घेतला. पट गेला नाही. जॅक निक्लॉसला १९६२मध्ये पोर्टलंडला संथ खेळाबद्दल दोन फटक्यांचा दंड झाला होता, तरी स्पर्धा त्यानेच जिंकली. आणि २०१३च्या मास्टर्समध्ये, जगातले एकाहून एक रेंगाळणारे बाप्ये मैदानात असताना, एका फटक्याचा दंड झाला तो ग्वान तियानलांग नावाच्या १४ वर्षांच्या चिनी मुलाला. कायदा सगळ्या देशांत सारखाच चालतो, हे वाचून त्या दिवशी मला फार जवळचं वाटलं होतं.

चेंडू हरवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी कमाई इथे आहे. आपल्या देशात आगेवाला नावाची सोय आहे. हा माणूस लांब पुढे उभा राहतो, चेंडू कुठे पडला ते बघतो आणि तिथे जाऊन थांबतो. परदेशी पाहुण्यांना याचं फार अप्रूप वाटतं. पण आगेवाला सांगतो तिथे जाऊन शोधायचं असतं, हा गैरसमज काढून टाका. तो उभा असतो दीडशे यार्डांवर, बाभळीच्या खोडापाशी. आता मारल्यावर हाताला जे जाणवलं त्यावरून माझा चेंडू किमान दोनशे तीस गेलेला असणार. म्हणून आम्ही सगळे दोनशे तीसवर शोधतो. चौघं खेळाडू, चार कॅडी, गवतातून पाय ओढत, लग्नघरात कानातलं हरवल्यासारखे. आगेवाला लांबून हात हलवत असतो. "तो काय म्हणतोय?" शेठ विचारतात. "नवीन आहे," मी सांगतो.

शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९पासून तीनच. पण ती मोजायची कधीपासून? शोधायला लागल्यापासून. तेव्हा आधी झाडाखाली उभं राहून चेंडू कसा वळला, कुठे आपटला, मागच्या जूनमध्ये इथेच कसा सापडला होता, याची उजळणी करून घ्यावी. घड्याळ कुणी लावत नाही. लावलंच तर त्याला सांगावं की मैत्री महत्त्वाची.

हरवेल अशी शंका येताच टीवरूनच दुसरा चेंडू मारून ठेवावा, त्याला प्रोव्हिजनल म्हणतात. हा निराशावाद आहे. आयुष्यात श्रद्धा हवी. चेंडू नाहीच मिळाला तर नियम स्पष्ट आहे: जिथून मारला तिथे परत. एव्हाना त्या टीवर मागची चौकडी आणि तिच्या मागची चौकडी उभी असते. त्यांच्यातून "जरा, जरा" करत वाट काढायची, चेंडूखालची खुंटी रोवायची, आणि दोन सराव फटके मारायला विसरायचं नाही.

अशा वेळी कुणीतरी सुचवतं, मागच्यांना पुढे जाऊ द्या. द्रुतगती महामार्गावर घाटात उजवी लेन धरून चाललेल्या ट्रकवाल्याला जाऊन हे सांगून बघा. इज्जत म्हणून काही असते.

ग्रीनवर पोचलात की निवांत व्हा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा जेमतेम ४३. एवढीशी वस्तू एवढ्याशा खड्ड्यात जायची, तर उतार चारी बाजूंनी बघायलाच हवा. आजकाल काही जण रेषेच्या दोन बाजूंना पाय ठेवून तळव्यांनी उतार जोखतात आणि हवेत बोटं धरून नेम ठरवतात. आमचे शेठ हे यूट्यूबवरून शिकलेत. दोन फुटांच्या पटलासुद्धा बोटं वर. झेंडा आत ठेवून पट करायला २०१९पासून परवानगी आहे, पण म्हणून तो आतच ठेवायचा असं नाही. कर्नलसाहेबांना बाहेर लागतो, डॉक्टरांना आत, शेठना बाहेर, आणि मी तटस्थ आहे. तो बिचारा कॅडी झेंडा घेऊन आतबाहेर करत असतो.

वॉलासी नावाच्या इंग्लंडमधल्या क्लबात डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड या गृहस्थांच्या गुणपद्धतीने १९३२ साली पहिली स्पर्धा झाली. होलवर गुण मिळण्याची आशा संपली की चेंडू उचला आणि पुढे चला, अशी सोय तीत आहे. आम्हीही स्टेबलफर्डच खेळतो. पण चेंडू उचलत नाही. नववा फटका असला तरी तो आत पडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मला पुढच्या होलवर झोप लागत नाही, म्हणजे लक्ष लागत नाही. शेवटचा पट पडल्यावर तिथेच, झेंड्याशेजारी, स्कोअरकार्ड काढायचं. "तुमचे किती?" "सहा." कर्नलसाहेब बोटांवर मोजतात: ड्रायव्हर, झाड, झाड, बंकर, बंकर... "सहा, पट धरून का?" ही चर्चा पुढच्या टीवर होऊ शकते, पण तिथे सावली नसते.

तिसऱ्या होलचं मात्र मला खरंच कळत नाही. पार थ्री, म्हणजे तीन फटक्यांचं आहे, ग्रीन रिकामं होईस्तोवर कुणाला मारता येत नाही, एका चौकडीला दहा मिनिटं लागतात. आणि पहिल्या टीवरून आम्ही दर सात मिनिटांनी एक चौकडी सोडतो. म्हणजे चौकडीमागे तीन मिनिटं तुंबली, दहाव्या चौकडीला जवळजवळ अर्धा तास. ग्रीनवरच्यांनी चेंडूच्या जागी खूण ठेवून बाजूला व्हावं आणि मागच्यांना मारू द्यावं, असा एक उपाय आहे. मी समितीला दुसरा सुचवलाय: सातऐवजी सहा मिनिटांनी सोडा. लोक लवकर सुरू करतील, तर लवकर संपवतील. समितीला तो लगेच आवडला, कारण त्यात फी वाढते.

नवव्यानंतर टपरीवर ऑम्लेट-पाव, कांदाभजी, दोन चहा. हे पाच मिनिटांत होतं. भजी नवीन घाण्याची हवी असतील तर वीस.

कॅडींची काळजी काही लोक उगाच करतात. त्यांना पैसे फेरीचे मिळतात, तासाचे नव्हे; आमची फेरी लवकर संपली तर दुपारी दुसरी बॅग उचलता येते, असं आमचा कॅडी एकदा सांगत होता. मामा म्हणतो आम्ही त्याला, साठीला आला असेल. मी म्हटलं, "मामा, या वयात दोन-दोन फेऱ्या कशाला? आराम करा." तो काही बोलला नाही, माझा बंकर सारखा करायला गेला.

परवाच्या रविवारी चौदाव्यावर मार्शल, म्हणजे खेळाच्या गतीवर नजर ठेवणारा क्लबचा माणूस, बग्गी घेऊन आला. "साहेब, तुमच्यापुढे दीड होल मोकळं आहे."

"मग चांगलंच आहे की," कर्नलसाहेब म्हणाले. "म्हणजे आम्ही कुणाला अडत नाही."

मागचे त्यानंतर दिसलेच नाहीत. अर्धवट सोडून परत गेले, असं मामा म्हणाला. लोकांना चिकाटी नाही. आम्ही मात्र साडेबाराला अठरावं पुरं केलं आणि मी तडक ऑफिसात जाऊन सूचनापुस्तक मागितलं. पान उघडलं तर त्याच तारखेला आमच्या मागच्या चौकडीतल्या एकाने आधीच लिहून ठेवलं होतं: 'पुढचे लोक फार हळू खेळतात. कृपया कारवाई व्हावी.'

अगदी माझ्या मनातलं. मी खाली 'सहमत' लिहून सही केली, आणि डॉक्टर, शेठ, कर्नलसाहेब यांच्याही घेतल्या.